धुण्यास कारण की

प्रेशर वॉशर घेतल्याबद्दल आधी अभिनंदन. एव्हाना तुमची स्कूटर, गच्ची, शेजाऱ्यांची गाडी आणि त्यांनी सांगितले नसतानाही त्यांच्या कुंड्या धुऊन झाल्या असतील. घरात धुण्यासारखे काही उरले नाही म्हणून तुमची नजर आता स्टेशनजवळच्या त्या चार मजली व्यापारी इमारतीवर गेली आहे. खाली झेरॉक्स, मोबाइलची कव्हरे आणि पानाची गादी. वर क्लासेस, सीए आणि दातांचा दवाखाना. इमारतीचा मूळ रंग पिवळा की बदामी, यावरून गाळेधारकांत दोन तट आहेत. नवशिक्याने हात साफ करायला याहून वाईट जागा मिळणार नाही, तेव्हा करू या सुरुवात.

मशीन खोक्यातच राहू द्या आणि आधी माणसांना भेटा. इमारत मुंबईतली, जुनी आणि पागडीची असेल तर मालकाकडे जाण्यात अर्थ नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीला बांधून टाकली आणि पुढे कितीतरी गाळ्यांचे महिन्याचे भाडे म्हणजे किरकोळ चहापाण्याचा खर्च होऊन बसले. तेवढ्या पैशात मालक भिंत धूत नाही, तो ती पडण्याची वाट बघतो. इमारत दगडी असून फोर्टात असेल तर त्याहून लवकर घरी परता. वारसा इमारतींसाठी मुंबईत 1995 पासून नियमावली आहे आणि परवानगीशिवाय तिथे पाइपही उलगडायचा नसतो. उरली आपली सोसायटीची इमारत. तिथे सेक्रेटरी विचारतील, "डाग जातील ना?" तुम्ही म्हणाल, "शंभर टक्के." ही चूक सगळेच करतात, पुढे जाऊ.

मशीनसोबत रंगीत नोझल येतात. लाल शून्य अंशाचे, पिवळे 15, हिरवे 25, पांढरे 40 आणि काळे साबणासाठी. नवशिक्याला लाल आवडते. त्यातून पाणी सुतासारखे सरळ निघते, जुन्या गिलाव्यावर आपले नाव कोरता येते आणि बोटावर धरले तर बोटातही शिरते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी थेट इस्पितळ गाठायचे असते. म्हणून लाल नोझल कुलपात ठेवा आणि किल्ली सेक्रेटरींकडे द्या. तुम्हाला पांढरे लावायचे आहे. गन भिंतीपासून हातभर लांब, पाण्याचा झोत तिरका, आणि पहिला प्रयोग मागच्या बाजूला, कचराकुंडीजवळ. दर्शनी भागात मधोमध फूटभर चौकोन चकचकीत करून दाखवण्याचा मोह होईल. तो चौकोन पाहिल्याबरोबर उरलेली इमारत पूर्वीपेक्षा घाण दिसू लागते आणि काम ठरलेल्या पैशातच पुरे करावे लागते.

आता पान. जिन्याचे कोपरे आणि गादीच्या दोन्ही बाजूंची भिंत हा तुमचा खरा पेपर. कातात आणि सुपारीत टॅनिन असते, चुना लागला की ते लाल होते, आणि ती लाली गिलाव्याच्या छिद्रांत शिरून बसते. ताजी पिंक साध्या पाण्याने जाते, पण ताज्या पिंकेसाठी कोणी मशीनवाला बोलवत नाही. तुमच्या वाट्याला येते ते पिढीजात काम: वर कालची, तिच्याखाली गेल्या दिवाळीची आणि सर्वांत खाली मागच्या कमिटीच्या काळातली. झोत मारला की वरची पुटे निघतात, रंगही निघतो, आणि लाली मात्र गिलाव्यात तशीच. नवशिका इथे दाब वाढवतो. मग डाग खरोखर जातो, कारण तेवढा गिलावाच जातो. त्यापेक्षा भिंत ओली करून ब्लीचचे पातळ द्रावण लावा, थोडा वेळ मुरू द्या, वाळू न देता धुवा, आणि पुन्हा लावा. तरीही गुलाबी छटा उरली तर तिच्याकडे फार वेळ पाहू नका. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या पोलादी खांबांची बुडे पिंकांनी इतकी खाल्ली की 2011 च्या सुमारास त्यांना फायबरग्लासचे आवरण घालावे लागले. तुमच्या समोर तर नुसती वाळू-सिमेंट आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण भिंतीला हे अजून कोणी कळवलेले नाही. कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवण्याचा उपाय तुम्हाला सुचवला जाईल. त्या बसवल्या की पिंक टाइलच्या वीतभर वर जाते.

खिडक्यांखालचे काळे ओघळ हे धुराचे नव्हेत, बहुतेक शेवाळाचे असतात. पावसाळ्यात हिरवे, उन्हाळ्यात वाळून काळे. ते मारायला दाब लागत नाही, ब्लीच आणि सबुरी लागते. पण धुण्याआधी जरा मान वर करून छज्जाच्या खालच्या बाजूला बघा. कडेपासून दोन बोटे आत एक बारीक खाच ठेवलेली असते. छज्जावरून उतरलेले पाणी त्या खाचेपाशी अडते आणि थेंबाथेंबाने खाली पडते, भिंतीकडे वळत नाही. तुमच्या इमारतीत ती खाच सापडणार नाही. दर रंगकामाला रंगाऱ्याने तिच्यात थोडी लांबी भरली, वरून ब्रश फिरवला, आणि चार रंगकामांत छज्जाचे पोट गुळगुळीत झाले. तेव्हापासून पाणी पोटावरून सरपटत भिंतीवर येते आणि शेवाळाची पंगत बसते. पत्र्याच्या तुकड्याने ती खाच मोकळी करायला तासभर पुरतो. बिलात हे काम लिहिता येत नाही, कारण ते खालून दिसत नाही.

एसीच्या लोखंडी ब्रॅकेटखालची तांबूस रेघ गंजाची. तिला ब्लीच लावाल तर ती आणखी पक्की बसेल. तिथे ऑक्झॅलिक ॲसिड. भिंतीवर पांढरी भुकटी फुलली असेल तर तो लोणा, म्हणजे आतले क्षार पाण्यासोबत बाहेर आलेले. त्याला पाण्याने धुणे म्हणजे त्याची सोय करणे. कोरड्या ब्रशने झाडा आणि आतला गळका पाइप शोधा. कोणी सांगेल, "साधं ॲसिड मारा, सगळं जातं." खरे आहे, सगळेच जाते. त्यातून ॲसिड आणि ब्लीच एका बादलीत आले तर क्लोरीन वायू निघतो. मग डाग राहतात, तुम्ही राहत नाही.

कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका, तिची धूळ फुप्फुसांत जाते. मास्क लावून आधी हलके भिजवा, मग उचला. एसीवर बसलेली जोडी तुमचे काम संपेपर्यंत समोरच्या वायरीवर थांबते. पोस्टरांचे म्हणाल तर विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे, आणि खळ कायद्याहून चिवट आहे. गरम पाणी, रुंद पट्टी, आणि ज्या भाऊ-दादांचा वाढदिवस अजून उलटायचा आहे त्यांना हात लावू नका.

शिडीवर उभे राहून गन चालवू नका, तिचा धक्का मागे ढकलतो. परांची बांधा किंवा दोरीवाले बोलवा. मीटर रूम, उघडे बोर्ड आणि एसीची तोंडे प्लास्टिकने झाका. खिडक्या बंद करायला आदल्या दिवशी सूचना लावा आणि त्या दिवशी स्वतः फिरून बंद करा, कारण सूचना क्लासची मुले सोडून कोणी वाचत नाही. पाण्याचा हिशेब आधीच करा. मिनिटाला 15 लिटरचे मोठे मशीन तासाला 900 लिटर ओढते, म्हणजे दिवसभराला टँकर. तो कोणाच्या पैशाने, हे पाइप जोडण्यापूर्वी लिहून घ्या.

शेवटी फोटो. वर्षानुवर्षांच्या मळाखाली भेगा, पोकळ गिलावा आणि उघडी सळई झाकलेली असते. मळ गेला की ती दिसते, आणि सगळ्यांचे एकमत होते की हे तुमच्या मशीनने केले. म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो काढा. शक्य झाल्यास त्यात सेक्रेटरींना उभे करा, भेगेकडे बोट दाखवताना.