दुर्मुखाच्या पुढे

वजन वाढल्याची पहिली खबर माणसाला पँट देते. घरची माणसं भिडेखातर गप्प बसतात, आरसा पोट आत ओढायला सवड देतो, पँटचं बटण मात्र कसलीही भीडमुर्वत ठेवत नाही. माझी कुंभकोणमला बदली झाली आणि हा एकुलता एक खबऱ्या मी गमावला. इथे घरात, देवळात, लग्नात पुरुष वेष्टी नेसतात आणि वेष्टीला कमरेचं माप नसतं. दुकानदार विचारतो ते एवढंच, ‘नालु मुळम की एट्टु मुळम?’ म्हणजे चार हाती की आठ हाती. काडीपैलवान भटजींना आणि ढेरपोट्या सावकाराला वेष्टी तीच, काठही तोच. ज्यांना गाठसुद्धा मारवत नाही त्यांच्यासाठी हल्ली वेल्क्रो लावलेली वेष्टी निघाली आहे. तिला तर मी सांगेन तेवढी कंबर मंजूर असते.

त्यात गाव हे असं. सकाळी पितळेच्या दबरा-टंबलरमधून डिग्री कॉफी. तिच्यामागून पोंगल, पोंगलावर तुपात तळलेले काजू, आणि पोंगल एकटा बरा दिसत नाही म्हणून शेजारी मेदूवडा. संध्याकाळी इडलीबरोबर कडप्पा : मूगडाळ, बटाटा, नारळ, खसखस. पहिल्या दिवशी ‘हे काय पांचट’ म्हणून नाक मुरडणारा मी पुढच्या आठवड्यात डबा घेऊन हॉटेलच्या दारात उभा होतो. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं तर प्रकृती विचारत नाही, ‘सापटिंगळा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ असं विचारतं. नाही म्हटलं तर वाढतात. हो म्हटलं तर निदान कॉफी तरी घ्याच म्हणतात.

आमचे घरमालक तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी कावेरीकाठी आली, त्यांतलं त्यांचं एक. गल्लीत सगळे त्यांना रायर म्हणतात, मी मामा म्हणतो. १८५५ मध्ये तंजावरचं राज्य खालसा झालं, घोडे गेले, जिरेटोप गेले, रसवांगी राहिली. वांग्याची ही रसवांगी आणि उडदाच्या पिठाची डांगर पचडी मामी ज्या मायेने वाढतात, ती पाहता ‘पुरे’ हा शब्द त्यांना मराठीतही कळत नाही आणि ‘पोदुम’ म्हटलं तर तमिळमध्येही. मी एकदा कुरकुर केली, तेव्हा मामांनी दुसरे सरफोजीराजे काढले. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ लिहिलं गेलं आणि त्यांच्याच नावाने वैद्यकाचेही ग्रंथ तयार झाले. मामांचा निष्कर्ष असा, की राजाने दोन्ही सोयी करून ठेवल्यात; तुम्ही आधी पहिला ग्रंथ संपवा.

माझा दुसरा ग्रंथ डॉक्टरांनी उघडला. त्यांनी वजनकाट्याकडे पाहिलंही नाही, टेप काढली. पुरुषाची कंबर नव्वदच्या आत हवी म्हणाले. मला क्षणभर हायसं वाटलं. मग कळलं की ते सेंटीमीटर सांगत होते. मी म्हटलं, हातपाय तर माझे बारीक आहेत. त्यावर त्यांनी आमच्याच पुण्याचं उदाहरण दिलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण भारतीय लोक वरून सडपातळ दिसलो, तरी आत कोठार भरून बसलेलो असतो. इतक्या नामांकित पुणेरी पुराव्यापुढे मी काय बोलणार? ‘आता तुम्हाला हवी ती प्रेरणा,’ डॉक्टर म्हणाले, ‘ती गोळीत येत नाही.’

तेव्हा मी प्रेरणा शोधायला गावात निघालो. पुण्यात ती जिमच्या वार्षिक फीमध्ये मिळते. फी भरली की आठवडाभर अंगात राहते, मग जिम त्यांची आणि आपण आपले. इथे गावभर देवळं आणि थोर माणसं असल्यामुळे ती फुकटात मिळेल असा माझा अंदाज होता.

सुरुवात सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवरच्या श्रीनिवास रामानुजन यांच्या घरापासून केली. छोटंसं घर, रस्त्याकडे खिडकी. पण चौकशी करावी तसा माझा निश्चय ढासळत गेला. रामानुजनना खेळांची आवड नव्हती. मांडीवर पाटी घेऊन घराच्या ओट्यावर, इथल्या भाषेत तिण्णैवर, ते तासन्‌तास गणितं करत बसायचे. नोकरीच्या शोधात ते कलेक्टर रामचंद्र रावांना भेटले, तेव्हा रावांच्या लक्षात राहिले ते त्यांचे चमकदार डोळे आणि स्थूल, बुटकी मूर्ती. तिण्णै आमच्या घरालाही आहे. मामा तिच्यावर बसूनच म्हणाले, ‘बघा, बसून काही बिघडत नाही. पाटी मात्र पाहिजे.’

मग महामहम कुंड. पसारा ६.२ एकरांचा, काठाने सोळा मंडप. बाहेरच्या रस्त्याने दीड फेरी मारली की साधारण एक किलोमीटर होतो. मोबाइल दहा हजार पावलं मागतो. त्या आकड्यामागे कुणा ऋषीची तपश्चर्या असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं ठेवलं. ही माहिती कळल्यावर माझी पावलं आपोआप मंदावली. त्यात काठावरच्या एका मंडपाच्या छतावर तुलापुरुषदान कोरलेलं आहे : राजा तराजूत बसला आहे आणि त्याच्या भारंभार सोनं दान व्हायचं आहे. राजाचं वजन घटलं तर नुकसान याचकांचं, त्यामुळे दरबारात त्याला कोणी आहार सांभाळायला सांगितला असेल असं वाटत नाही. मी काही राजा नाही, पण कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला माझ्याबद्दल तीच काळजी वाटत असावी. एक फेरी झाली की तो हात हलवून बोलावतो. एक वडा जाळायला दोन किलोमीटर चालावं लागतं आणि दोन किलोमीटरांत तो तीनदा दिसतो, हे गणित सोडवायला खरंच रामानुजन हवेत.

मामींनी उप्पिलियप्पन सुचवला. कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटरवर तिरुनागेश्वरमला हा विष्णू आहे आणि तो मीठ खात नाही. कथा अशी, की मार्कंडेय ऋषींची मुलगी इतकी लहान होती की तिला जेवणात मीठ घालणंही कळत नव्हतं. देव म्हणाला, मी अळणी खाईन पण मुलगी द्या. आजही नैवेद्य अळणीच होतो. रक्तदाबवाल्यांसाठी याहून सोयीचा देव नाही. मी मोठ्या श्रद्धेने सायकलवरून गेलो. प्रसाद अळणीच होता, पण तो गोड पोंगल होता. देवाने मीठ सोडलं आहे; तूप, गूळ आणि काजू यांच्याबद्दल त्याने काही शब्द दिलेला नाही.

शेवटी स्वामिमलै. गावापासून पाचेक किलोमीटरवर मुरुगनचं देऊळ आहे. बापाला, म्हणजे साक्षात शंकराला, प्रणवाचा अर्थ शिकवणारा हा मुलगा. त्याच गावात पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती राहतात. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचा लेप देतात, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. मापासाठी नारळाच्या झावळीची एक पट्टी असते, तिला घड्या घालून सगळ्या अंगाचं प्रमाण काढतात. त्यांच्या पार्वतीची कंबर बघून मला डॉक्टरांची टेप आठवली. जवळच एक कारागीर मेणाच्या पोटावरचं जास्तीचं मेण गरम पात्याने अलगद काढत होता. मी बराच वेळ हेव्याने बघत उभा राहिलो. मामा म्हणाले, ‘चला, तुमचं मेण पायऱ्यांवर.’

या देवळाला साठ पायऱ्या आहेत आणि साठ संवत्सरांपैकी एकेकाचं नाव एकेका पायरीला. हीच नावं आपल्या पंचांगात पाडव्याला वाचतात : प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद… जन्मभर ऐकली होती, चढलो कधी नव्हतो. मामांचा नियम सोपा होता. ज्याने त्याने आपल्या जन्माच्या संवत्सरापर्यंत न थांबता जायचं आणि प्रत्येक पायरीला तिचं नाव मोठ्याने म्हणायचं. हा त्यांचा चावटपणा असावा असा माझा समज होता. पण व्यायाम बेताचा होतो आहे की जास्त, हे ओळखायची डॉक्टरांची साधी कसोटी हीच आहे : चालताना बोलता यावं, गाता येऊ नये.

मामा १९४९ चे, म्हणजे विरोधी संवत्सराचे. तेविसाव्या पायरीवर त्यांची हद्द संपते. तिथे ते ऐसपैस बसतात आणि नावाला जागून वरच्या लोकांना सूचना करतात. मामी विजय संवत्सराच्या, सत्ताविसावी पायरी. त्या तिथे न थांबता थेट देवापर्यंत जातात आणि खाली येऊन मामांना अंगारा लावतात. मी १९७५ च्या पावसाळ्यातला. आला राक्षस, एकोणपन्नासावी पायरी.

पहिल्या दिवशी माझा आवाज विक्रमावर बसला. चौदावी पायरी. ज्या जागेचं नाव विक्रम तिथे मी कठड्याला धरून धापा टाकत होतो आणि कडेवर नातू घेतलेली एक आजी ‘मुरुगा, मुरुगा’ करत मला वळसा घालून निघून गेली. तिला बोलताही येत होतं आणि वर ती गातही होती. पुढे मी व्ययापर्यंत पोहोचलो, मग खरापर्यंत. बरोबर अर्ध्यावर, तिसाव्या पायरीला, दुर्मुख बसला आहे, आणि माझा तिथला चेहरा मामांनी खालून ओळखला. त्याच्या पुढे विलंबी आणि विकारी. आमच्या पूर्वजांनी ही नावं लावताना माझी तब्येत पाहिली होती की काय, कोण जाणे.

गंमत अशी, की डॉक्टरांचे नव्वद सेंटीमीटर, मोबाइलची दहा हजार पावलं, याज्ञिकांची २१.२ टक्के चरबी यांतल्या एकानेही मला भल्या पहाटे उठवलं नाही. उठवलं ते राक्षसाने. आपण आपल्याच जन्मापर्यंत चढू शकत नाही, ही बोच फार बारीक असते. आणि पुढच्या पायरीचं नाव काय, हे घरी आठवत नाही. तिथे श्वास शिल्लक असेल तरच तोंडात येतं. प्रेरणा म्हणतात ती मला अजून भेटलेली नाही, पण मामांना खालून ‘विकारीवर थांबले’ असं ओरडायची संधी द्यायची नाही, एवढ्यावर माझं भागतं. हल्ली मी राक्षसापर्यंत जातो. काही दिवशी शोभकृतावर आवाज फाटतो, पण पाय थांबत नाहीत. कंबर अजून नव्वदच्या वरच आहे. खाली उतरल्यावर आम्ही तिघे कॉफी घेतो, त्याबद्दल डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

स्वामिमलैला येणार असाल तर सकाळी लवकर या, दगड तापला की अनवाणी पायांना नावं आठवत नाहीत. आपलं संवत्सर आधी पंचांगात बघून ठेवा. १९८७ च्या पाडव्यानंतर वर्षभरात जन्मलेल्यांच्या वाट्याला पहिलीच पायरी येते, प्रभव. त्यांनी तिथेच नमस्कार करून परत फिरू नये. वडिलांचं संवत्सर धरावं.