तात्यांचा फोटो

आष्ट्यात घर मोठं असलं की त्यात एक तात्या असतातच. आमच्याकडचे तात्या वर्षभर ऊस, हळद आणि सोसायटीच्या राजकारणात गुंतलेले असतात. पण दिवाळीला पुण्या-मुंबईची मंडळी दारात उतरली की त्यांच्या अंगात फोटो संचारतो. "सगळी एका जागी पुन्यांदा कवा गावायची?" हे वसुबारसेपासून सुरू होतं.

याचं मूळ २०१९च्या महापुरात आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तिथल्या आत्याच्या घरातला जुना अल्बम पाण्यात बसला. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना आजोबांचा फेटा आत्याच्या नवऱ्याच्या गालावर उमटला. पूर ओसरला, तात्या काही ओसरले नाहीत.

कपड्यांचं त्यांनी बायकांवर सोपवलंय. सगळ्या जावांनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या हे ठरलेलं आहे, फक्त रंग ठरायचाय. तात्यांचा जीव मांडणीत. सोसायटीच्या जुन्या वहीत त्यांनी तीन ओळी आखल्यात. पुढच्या खुर्च्या सातबाऱ्यावरच्या नावांच्या क्रमानं. धाकट्या काकांनी वाटणी मागून उतारा वेगळा केला, म्हणून ते टोकाला, स्टुलावर. जावयांना बसवायचं की उभं करायचं, यावर रात्री उशिरापर्यंत बैठक झाली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. पोरं सतरंजीवर. त्यातलं एक ऐनवेळी उठून शेळीमागं जातं, तेही वहीत नोंदवलंय.

मधल्या खुर्चीत सहस्रचंद्रदर्शन झालेली आजी.

"आई, जरा हस की."

"हसाय काय झालंय?"

या प्रश्नाला तात्यांकडंही उत्तर नव्हतं. १८३९ साली फोटोची कला जगापुढं आली, तेव्हा एका चित्रासाठी माणसाला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे, असं त्यांनी कुठंतरी वाचलंय. त्यामुळे फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधीच ते सगळ्यांना श्वास धरायला लावतात. मोबाइलच्या जमान्यात निम्मं घर असं तांबडंलाल होऊन बसलेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मात्र सगळं जुळलं होतं. रंगसुद्धा ठरला होता. तेवढ्यात कारखान्याच्या चिटबॉयचा फोन आला : "तोड आलीया, टोळी फडात उतरलीया." उसाची पाळी चुकली तर पुढची कधी, हे कुणीच सांगू शकत नाही. थोरले काका फेट्यासकट उठले, मागोमाग धाकटे, मग दोन्ही पुतणे. सातबाऱ्यावरची अख्खी ओळ ट्रॅक्टरवर बसून गेली. खुर्च्यांवर उरली आजी आणि ज्यांचा निर्णय राहिला होता ते जावई, आयतेच पुढं.

"गेलेल्यांचे फोटो द्या, कॉम्प्युटरवर चिकटवतो," फोटोग्राफर म्हणाला.

"चिकटल्यालं फोटो बघितल्यात आम्ही," तात्या म्हणाले, आणि वही मिटली.

आता त्यांनी गुढीपाडवा धरलाय. तोवर गाळप आटोपतं, हा त्यांचा हिशेब बरोबर आहे. त्या दिवसांत हळद शिजवायची असते, हे त्यांना सांगायला घरात कुणी तयार नाही.