खिडकीपुरता जाम

दिवाळीचा सोऱ्या माळ्यावर जातो न जातो तोच आमच्या सोसायटीत ओव्हन तापू लागतात. नाताळासाठी घरोघरी लिंझर बिस्किटं होतात आणि सहा-सहाच्या डब्यांतून शेजारीपाजारी विकलीही जातात. दोन चकत्या, मध्ये लाल जाम, वरच्या चकतीला बदामाच्या आकाराची खिडकी आणि भोवती भुरभुरवलेली पिठीसाखर. मूळ कृतीत बदामाची पूड लागते. ती पिठात पडली नाही तरी भोकात बदाम असतोच, तेव्हा फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. तरीही काही जुन्या वळणाची माणसं या बिस्किटाला नावं ठेवतात. एक जबाबदार सभासद या नात्याने मला त्याची बाजू मांडणं भाग आहे.

बिस्किट मूळचं ऑस्ट्रियाचं, डॅन्यूबकाठच्या लिंझ शहराच्या नावाचं. त्या शहराच्या टॉर्टची कृती १६५३ सालच्या हस्तलिखितात सापडते. आपलं बिस्किट त्या टॉर्टच्याच गोतावळ्यातलं. तिकडे त्याला ‘लिंझचे डोळे’ म्हणतात, कारण वरच्या चकतीला बहुधा तीन छोटी भोकं असतात. साधारण तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर, शिवाय बदामाची किंवा हेझलनटची पूड. आत रेडकरंट या आंबट लाल फळाचा जाम, तोही पार कडेपर्यंत. मग डबा बंद करून दोन-तीन दिवस विसरायचं. जामचा ओलावा मुरतो, बिस्किट मऊ पडतं, आणि मगच ते खायचं.

इतक्या गुणी लोकांना एक साधी गोष्ट सुचू नये याचं नवल वाटतं. जे दिसणार नाही, तिथे जाम लावायचा कशाला?

आमच्याकडे ही सुधारणा दोन-तीन नाताळांतच झाली. परवा मी सुरीच्या टोकाने एका बिस्किटाची वरची चकती अलगद उचलली. आत जाम होता, टिकलीएवढा. खिडकीच्या बरोबर खाली, रेषेबाहेर थेंबही गेलेला नाही. बाकीची चकती कोरडी ठणठणीत. शाळेत चित्रकलेच्या तासाला इतकी शिस्त आमच्यापैकी कुणालाही जमली नव्हती.

जामबद्दलही कुरकुर ऐकू येते. पण जामात ४५ टक्के फळ असलं की आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांचं समाधान होतं, आणि स्ट्रॉबेरीच्या जामला तर २५ टक्केही पुरतात. जिथे सरकारच इतकं अल्पसंतुष्ट, तिथे आपण हट्ट का धरावा? डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळते हे खरं. पण ती निवडा, शिजवा, ढवळत बसा, आणि एवढं करून रंग पडतो विटकरी. बरणीतला लाल कधी दगा देत नाही.

याउलट करंजी बघा. तिला खिडकी नाही. आत सारण किती, हे चावा घेतल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आमची आत्या ताटातली करंजी उचलून आधी कानाशी हलवायची, आणि ती खुळखुळली की करणारीच्या माहेरापर्यंत चौकशी जायची. किती सुनांनी या एका आवाजापायी सारण दाबून दाबून भरलं असेल! लिंझर हलवून पाहा, अवाक्षर काढत नाही.

आईच्या वेळची बिस्किटं तर आणखीच अविश्वासाची. घरून मैदा, साखर, तूप पिशवीत घालून ती बेकरीत जायची आणि भट्टीशेजारच्या बाकावर दुपारभर बसायची. आपलं तूप आपल्याच बिस्किटांत पडतंय ना, ते बघायला. पत्रा आत गेला की त्याच्यावर नजर, बाहेर आला की पुन्हा नजर. शेवटी गरम बिस्किटं पत्र्याच्या डब्यात भरून, डबा साडीच्या पदराने धरून घरी. एका डब्यापायी अख्खी दुपार! बदामाएवढी खिडकी असती, तर बिचारी घरी चार घटका पडली असती.

खिडकीचं हे तत्त्व आमच्या सोसायटीने स्वयंपाकघरापुरतं ठेवलं नाही, याचा मला सार्थ अभिमान आहे. यंदा इमारतीला रंग दिला तो रस्त्याकडच्या भिंतीला. मागच्या बाजूला पावसाचे ओघळ आहेत, पण तिकडून पाहुणे येत नाहीत. वार्षिक सभेत हिशेबाचा कागद वाटला, त्यात दिवाळीच्या रोषणाईचा खर्च पैशापर्यंत मांडलेला होता. खाली एक ओळ ‘इतर खर्च’, आणि तिच्यासमोरचा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेहून थोडा मोठा. कुणीतरी हात वर केला, पण तेवढ्यात बिस्किटांची ताटली फिरली.

परवा खजिनदार सहीसाठी घरी आले होते. ताटली पुढे केली. ती नातीच्या हातातून गेलेली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने एकेक बिस्किट उघडून जाम चाटला होता आणि चकत्या पुन्हा एकमेकींवर नीट बसवल्या होत्या, खिडकी वर करून. खालच्या चकतीवर लालसर डाग तेवढा उरला होता. खजिनदारांनी एक उचललं, खाल्लं, मिशीवरची पिठीसाखर पुसली.

“वहिनी, जाम अगदी मापात घातलाय हो,” ते म्हणाले, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.