व्हिसाकाका

प्रत्येक सोसायटीत एक व्हिसाकाका असतात. लेकाकडे न्यू जर्सीला किंवा लेकीकडे टेक्सासला जायचं ठरलं, की तिकिटाच्या आधी त्यांच्या दाराची बेल वाजते. निवृत्त बँक अधिकारी, गळ्यात दोरीचा चष्मा आणि ब्रीच कँडीला लिंकन हाउसबाहेर भर उन्हात रांग लावल्याचा जुना मान. पुढे अर्ज ऑनलाइन झाला, २०११ मध्ये अमेरिकन कॉन्सुलेट लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं. पण काकांचं संस्थान काही खालसा झालं नाही. रांगेत कुणीही उभं राहू शकतं. व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरायला मात्र काकाच लागतात.

सुरुवात फोटोपासून. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, २४० केबीच्या आत, गेल्या सहा महिन्यांतला आणि चष्मा काढून. पुतण्याच्या लग्नातल्या फोटोतून कापलेला, खांद्यावर जावेचा हात शिल्लक असलेला चेहरा काका दारातूनच परत पाठवतात.

“अहो, चष्म्याशिवाय मला कॅमेरा दिसत नाही!”

“कॅमेऱ्याला तुम्ही दिसलात म्हणजे झालं, वहिनी.”

मग अर्ज. १ जूनला जन्मलेल्या ज्येष्ठांवर काकांचा विशेष लोभ. “शाळेतल्या गुरुजींची कृपा,” एवढं पुटपुटून ते पासपोर्टवरची तारीख टाकतात. आधी कोणतं नाव होतं का, या प्रश्नाला माहेरची कुसुम सासरी सुनंदा कशी झाली, ते निघतं. उखाण्यासकट निघतं. आईची जन्मतारीख विचारली, की “चले जाव चळवळीच्या आधी दोन वर्षं, श्रावणात” असं उत्तर येतं. ‘माहीत नाही’ असा चौकोन समोर असतो, पण त्यावर टिचकी मारणं काकांना कमीपणाचं वाटतं. ते नाशिकच्या मामांना फोन लावतात. मामा आधी गुडघ्याचं सांगतात. वीस मिनिटं माउस हलला नाही, की साइट अर्जदाराला बाहेर काढते. काका मात्र निर्धास्त. एए-ने सुरू होणारा अर्जक्रमांक त्यांनी आधीच डायरीत उतरवलेला असतो, शेजारी दुधाचा हिशेब.

सगळ्यात रंगतात ते सुरक्षेचे प्रश्न. सत्तरीच्या जोडप्याला समोर बसवून काका सरकारी आवाजात वाचतात.

“दहशतवादी कारवाया करायच्या आहेत?”

“छे हो!”

“हेरगिरी?”

“यांचा मोबाइल बघते, तेवढीच.”

“वहिनी, हो की नाही?”

“नाही.”

शेजारी आजोबा प्रत्येक ‘नाही’ला मान डोलावत असतात. मनी लाँडरिंगच्या प्रश्नाला मात्र ते थबकतात आणि मागच्या वर्षी मोडलेल्या एफडीचं काय, असं हळूच विचारतात.

माणशी १८५ डॉलर फी, नकार आला तरी परत नाही, हे काका चहाचा कप हातात आल्यावरच सांगतात. मग फाईल. पेन्शनची पासबुकं, घरपट्टीची पावती, गावचा सातबारा, लेकाचं पत्र, नातवाचा जन्मदाखला. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, रंगीत चिकटपट्ट्या लावून. “माणूस परत येणार, हे कागदानं बोललं पाहिजे,” हे त्यांचं तत्त्व. सातबाऱ्यावर दोन गुंठे जिरायत आणि सात चुलतभाऊ असले, तरी परत यायला तेवढं कारण त्यांना पुरतं.

मुलाखतीनंतर जोडपं पेढे घेऊन येतं. व्हिसा मंजूर! काका पेढा हातातच ठेवतात.

“फाईल पाहिली ना?”

“नाही हो. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, एवढंच विचारलं.”

“सातबारासुद्धा नाही?”

“पिशवीतच राहिला.”

काकांचा चेहरा पडतो. तिथले लोक कागदापेक्षा माणसाच्या उत्तरावर जातात, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. तरीही ते जोडप्याकडे, दिलेलं काम अर्धवट करून आलेल्या शिपायाकडे पाहावं तसं पाहतात.

“तुम्ही ती काउंटरवर दिसेल अशी धरलीच नसणार,” ते म्हणतात आणि पुढच्या अर्जदाराला फोनवर सातबाऱ्याबरोबर आठ-अचा उताराही आणायला सांगतात.