लग्नाआधीची चिंता

मलय भाषेत प्रेमाला 'चिन्ता' म्हणतात. शब्द मूळचा संस्कृतातला, म्हणजे घरचाच. व्यापारी, भिक्षू आणि भटजी गलबतांत बसून सुमात्रा-जावाकडे गेले, त्यांच्या पाठोपाठ शब्दही गेले. पालेम्बांगजवळ सापडलेला इ.स. 684 चा तलांग तुवो शिलालेख जुन्या मलयमधला, पण संस्कृत शब्दांनी ठासून भरलेला. अशाच कुठल्या तरी गलबतात चिंता कपाळाला आठ्या घालून चढली असणार आणि पलीकडे नटूनथटून उतरली. इंडोनेशियात 2002 साली 'आदा आपा देंगान चिन्ता?' नावाचा सिनेमा तुफान चालला. नायिकेचंच नाव चिन्ता! आपल्याकडे बारशाला आत्याने हे नाव कानात सांगितलं, तर घुगऱ्या वाटायच्या आधी भावजय-नणंदेचं बोलणं बंद होईल.

मला विचाराल तर शब्द योग्य घरी पडला. आमच्या घरात 'प्रेम' हा शब्द कुणी कुणाला उद्देशून उच्चारल्याचं ऐकिवात नाही. आई म्हणायची, "पोचलास की फोन कर." वडील म्हणायचे, "गाडीत पेट्रोल आहे ना?" बायको म्हणते, "बीपीची गोळी घेतलीत का?" हे सगळं शुद्ध मलय आहे.

विरहाचं मात्र तिकडे पार वाटोळं झालं. आपल्या विरहिणी चंदनाची उटी लावून चंद्राला दूषणं देतात. 'विरही'वरून आलेल्या तिथल्या 'बेराही'चा अर्थ सरळ कामवासना. गाय माजावर आली तरी हाच शब्द. 'स्वामी'चा 'सुआमी' झाला, अर्थ नवरा. तेवढं पद त्यांनी शाबूत ठेवलं, निदान कागदोपत्री.

त्यांचा स्वतःचा लाडका शब्द 'सायांग'. म्हणजे राजा, राणी, सोन्या; आणि 'अरेरे'सुद्धा. दुकानात एखादी बाई "सायांग!" म्हणाली, तर तिने नवऱ्याला हाक मारली की सेल कालच संपला, हे तिच्या चेहऱ्यावरून ठरवावं. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये याच शब्दातला लाड गेला आणि नुसतं 'वाया गेलं हो' उरलं. प्रेमासाठी त्यांच्याकडे 'महाल' आहे आणि त्याचा दुसरा अर्थ महाग. लग्नाचा हॉल ज्यांनी बुक केलाय, त्यांना याची फोड करून सांगायला नको.

आता मलयमध्ये हे प्रेम राहतं कुठे? 'हाती'मध्ये, म्हणजे यकृतात. 'साकित हाती' म्हणजे मन दुखावलं. हृदयविकार तो 'साकित जांतुंग', त्याचा प्रेमाशी संबंध नाही. हसू नका. आपण मटणवाल्याकडे कलेजी मागतो ती यकृताचीच, आणि घरी येऊन पोराला काळजाचा तुकडा म्हणतो. त्या काळजाला खेटून काळजी आहेच. म्हणजे फिरून चिंताच.

क्वालालंपूरला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. गल्ल्यावरची मुलगी 'तेरिमा कासिह' म्हणेल. अक्षरशः अर्थ माया स्वीकारणं, पण ती फक्त आभार मानतेय. उगाच लाजू नका. 'सामा-सामा' म्हणा, उरलेली चिल्लर मोजून घ्या आणि पोचल्याचा फोन घरी करा.