कोरडवाहू

अ‍ॅडलेडहून आलेल्या भाच्याने टेबलावर बाटली ठेवली आणि देवाची पोथी वाचावी तसं तिचं लेबल वाचून दाखवलं. द्राक्षं सेंद्रिय, वेली शंभरी ओलांडलेल्या, मांडवावर न चढवता झुडपासारख्या बुटक्या ठेवलेल्या. पाणी पावसाचं तेवढंच, आणि वाइन काढायची तीही मोजकीच. "मामा, ड्राय-ग्रोन म्हणजे..." तो समजावू लागला. मी म्हटलं, "कोरडवाहू."

आमच्या गावी, महाळुंग्यात, हा शब्द कुणी मिरवला नाही. स्थळ बघायला आलेली माणसं गूळपाणी घेता घेता विचारायची, "जमीन बागायती का कोरडवाहू?" आणि आजोबा उपरण्याने उगाच तोंड पुसायचे. खताला पैसा नाही म्हणून आमची बाजरी सेंद्रिय, विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून ड्राय-ग्रोन, आणि उतारा असा की दर सुगीला स्मॉल बॅच. पुढे रान एमआयडीसीत गेलं. आता तिथे कंटेनर रांगेत उभे असतात, पेरणीनंतर ढगाची वाट बघत आम्ही उभे असायचो तसे.

भाच्याच्या त्या बरोसा खोऱ्यात 1843 साली लावलेल्या शिराझच्या वेली अजून द्राक्षं देतात. मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड तिकडे पोचलीच नाही. म्हातारपणाच्या रीतसर पायऱ्याही आहेत: पस्तिशीला 'ओल्ड', सत्तरीला 'सर्व्हायवर', शंभरीला 'सेंटेनेरियन', सव्वाशेला 'अ‍ॅन्सेस्टर'. मला हेवा वाटला. आपल्या नारायणगाव-नाशिकच्या वेलींना हिवाळ्यात निजायलाही मिळत नाही; एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, दोनदा न्हाव्यापुढे बसायचं. असं जागरण करणारी वेल पूर्वज होण्याआधीच थकते.

म्हातारी, बुटकी, बिनपाण्याची झुडपं आमच्याकडेही होती, भामचंद्राच्या डोंगरावर. करवंदाच्या जाळ्या. वैशाखात अंगभर ओरखडे घेऊन आम्ही आत शिरायचो. करवंद अर्धं चावून मित्रापुढे धरायचं: कोंबडा का कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा. ओठ चिकाने चिकटलेले, तरी निकाल ठणकावून द्यायचा. वाइन चाखणारे जाणकार पेला उजेडाकडे धरून रंग न्याहाळतात, तेव्हा ते मनातल्या मनात कोंबडा-कोंबडीच खेळत असावेत असा माझा संशय आहे.

मी घोट घेतला. तुरट, मग आंबट, मग फार उशिरा, माहेरवाशिणीच्या बोलण्यासारखं थोडं गोड. आई माळकरी, तिने पेला फक्त नाकाशी नेला. "करवंदाचा वास आहे रे," म्हणाली. 'कोरडवाहू' हे उत्तर ऐकूनही तिच्या वडिलांनी तिला या घरात दिली होती.

"किती वर्षांची म्हणालास झाडं?"

"शंभराच्या वर, आजी."

"आणि एकदासुद्धा कुणी पाणी घातलं नाही?"

भाचा अभिमानाने हसला. आई हसली नाही. उठली, आणि फुलपात्रातलं उरलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालून आली.