दोष आढळला नाही

नवी कोरी स्पोर्ट्स कार. अंधेरीच्या उड्डाणपुलाखाली, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना हिसका देते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की दिवा जातो. सर्व्हिस सेंटरवाले गाडी दोन दिवस ठेवून घेतात, सॉफ्टवेअर अपडेट करतात आणि जॉब कार्डावर शेरा मारतात: ‘तपासले, दोष आढळला नाही.’ आठवडा उलटत नाही तोच जोगेश्वरीला पुन्हा तोच हिसका.

या शेऱ्याची मला चीड आहे. आढळेल कसा? बऱ्याच गाड्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये कोरडे क्लच असतात. साकीनाक्यासारख्या रांगेत गाडी इंच इंच सरकते, तेव्हा ते सतत घासतात आणि तापतात. मेकॅनिक मात्र सकाळी, गाडी थंड असताना, मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून येतो. त्या फेरीत काही होत नाही, म्हणजे मालकाच्या मनाचे खेळ! २०१३ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीने अशाच गिअरबॉक्सची तक्रार लावून धरली, तेव्हा फोक्सवॅगनला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

एवढे पैसेवाले, त्यांचं कसलं दुःख, असं कोणी म्हणेल. पण मुलुंडमध्ये हप्त्यांवर आठ लाखांची गाडी घेणाऱ्याच्या हातातही हेच जॉब कार्ड पडतं. कायदाही दोघांना एकच.

आणि तो कायदा लंगडा आहे. २००६ मध्ये मारुती विरुद्ध गबगोत्रा या खटल्यात भांडण क्लचचंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वॉरंटीत दोषी भाग बदलून द्यायचा असतो, अख्खी गाडी नाही. भाग कितीदा बदलायचा, याला आजही कायद्यात मर्यादा नाही. गाडी मुळातच सदोष आहे हे सिद्ध करायचं ग्राहकाने, तज्ज्ञाचा अहवाल मिळवायचा ग्राहकाने. दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी मात्र कंपनीच्या संगणकात.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, निकाल तीन महिन्यांत लावा, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात, एका मर्सिडीजच्या फ्लोअरवरचा मधला उंचवटा तापतो म्हणून झालेल्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण संपलं ९ जुलै २०२४ रोजी. ग्राहक जिंकला, पण पहिल्या निकालानंतर जवळपास सतरा वर्षांनी. गिरगावातून बदलापूरला राहायला गेलेल्यांची मुलं तेवढ्यात कॉलेजात पोचतात.

अमेरिकेत कनेटिकटने १९८२ मध्येच सदोष नव्या गाड्यांसाठी कायदा केला. कॅलिफोर्नियात तर नव्या गाडीचा तोच दोष चारदा प्रयत्न करूनही दुरुस्त झाला नाही किंवा गाडी तीस दिवसांहून जास्त गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीला दुरुस्तीच्या पुरेशा संधी मिळून गेल्याचं गृहीत धरतात. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर जाते. मला हवं आहे ते हेच. वारंवार होणारा दोष हाच पुरावा मानला गेला पाहिजे.

तोवर ज्यांची गाडी आज गॅरेजात आहे त्यांनी एवढं करावं. तक्रार जॉब कार्डावर आपल्याच शब्दांत लिहायला लावावी, तारीख आणि किलोमीटरसह. दिवा लागला की व्हिडिओ काढावा; गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातला, मेकॅनिकला शेजारी बसवून, गर्दीतच घ्यावी. आणि तारखेवर नजर ठेवावी: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ या आश्वासनांतच ही दोन वर्षं निघून जातात. पन्नास लाखांपर्यंतच्या गाडीसाठी वांद्र्याचा उपनगर जिल्हा आयोग आहे, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग.

विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनातून मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासूनची चळवळ आजही चालवते. चार दुरुस्त्यांच्या नियमाची मागणी तिथून दिल्लीला जावी. सह्या गोळा करायला मी येईन.